कॅराव्हॅन ओढायला जुनी गाडी घेताय? आधी काट्यावर जा

काका, नमस्कार. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात मांडतो. तुम्ही आणि काकू दोघंही निवृत्त, राहायला नागपुरात मनीषनगरला. दोघांपुरती छोटी कॅराव्हॅन ट्रॉली बनवून घेतली आहे आणि बनवणाऱ्याने रिकामं वजन ६५० किलो सांगितलंय. ती ओढायला पाच लाखांच्या आत जुनी डिझेल गाडी हवी. जायचं कुठे, तर पेंच, ताडोबा, चिखलदरा आणि जमलंच तर पचमढी. समोर चार गाड्या आहेत : २०१० ची इनोव्हा, २०१२ ची सफारी डायकोर, २०१३ ची स्कॉर्पिओ एमहॉक आणि दिल्ली पासिंगची २०१४ ची एक्सयूव्ही ५००. आणि तुमचा प्रश्न असा, "भाऊ, यातली सगळ्यात जोरदार कोणती?"

जोराचं शेवटी बघू. माझं वाडीला गॅरेज आहे, अठ्ठावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ट्रॉली ओढवली नाही म्हणून अडकलेली गाडी मी क्वचितच पाहिली. वेळेवर थांबली नाही, तापून उभी राहिली, किंवा मागची ट्रॉली शेपटी हलवायला लागली आणि दोन्ही मिळून शेतात उतरली, अशा मात्र कितीतरी पाहिल्या. कॅराव्हॅनी म्हणाल तर माझ्या हाताखालून पाच-सहाच गेल्या असतील. पण लग्नसराईत डेकोरेशनवाल्यांच्या जनरेटरच्या ट्रॉल्या, रस्त्याच्या कामावरचे कॉम्प्रेसर, चौपाटीवरचे खाण्याचे ठेले, हे सगळं ओढणाऱ्या गाड्या बारा महिने माझ्याकडेच येतात. कॅराव्हॅन म्हणजे आत गादी घातलेली जनरेटर ट्रॉलीच समजा. फरक एवढाच, की ती उंच आणि पोकळ असते, म्हणून वारा खाते.

म्हणून पहिलं काम गाडी बघायचं नाही. ट्रॉली भरा आणि धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या मोठ्या वजनकाट्यावर घेऊन जा. कळमन्याच्या बाजाराकडे काटे आहेत, वाडीकडेही आहेत. बनवणाऱ्याचे ६५० किलो हे रिकाम्या ट्रॉलीचे, आणि रिकामी ट्रॉली घेऊन तुम्ही ताडोब्याला जाणार नाही. माझा अंदाज सांगतो. पाण्याची टाकी ८० लिटरची असेल तर ८० किलो तिथेच गेले. ट्युब्युलर बॅटरी ५५ च्या घरात. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो आणि लोखंड त्याहून थोडं जास्त, म्हणजे भरलेला ३० किलोचा. नागपूरकर माणूस कूलरशिवाय निघत नाही, त्याचे २५. खुर्च्या, टेबल, बाहेर लावायची ताडपत्री, पाईप मिळून ४०. अंथरुणं, कपडे, किराणा, काकूंचा पोळपाट आणि तो लोखंडी तवा धरून ५०. बेरीज २८० झाली. म्हणजे ट्रॉली ९३० किलोची झाली. तरी यात चाकाचा जॅक आणि स्टेपनी धरलेली नाही.

यातलं काय कमी करता येईल ते आधी करा. पाणी मुक्कामाजवळ भरा. मोठ्या सिलिंडरऐवजी पाच किलोचा घ्या. पण जे उरेल ते खरं वजन, आणि गाडी त्या वजनाला घ्यायची. काट्याची पावती जपून ठेवा, पुढे तिचं काम आहे.

दुसरं वजन नाकाचं. म्हणजे ट्रॉलीचा दांडा गाडीच्या हूकवर जेवढा दाबतो तेवढं. हे मोजायला काटा लागत नाही, घरातला माणसं मोजायचा वजनकाटा पुरतो. ट्रॉली सपाट जागी समांतर उभी करा, चाकांना दगड लावा, कपलिंगखाली (दांड्याचं जे टोक हूकवर बसतं त्याखाली) लाकडाचा ठोकळा आणि त्याखाली वजनकाटा. भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के यायला हवं. तुमच्या ९३० ला ते ४५ ते ६५ किलो होतं. जड सामान चाकाच्या धुरीवर ठेवायचं, हलकं पुढे-मागे. नाक हलकं राहिलं की ट्रॉली डोलायला लागते. फार जड झालं तर गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. उमेदवारीत असताना जीपमागे जनरेटरची ट्रॉली घेऊन बुटीबोरीकडे चाललो होतो. मालकाने डिझेलचे दोन बॅरल ट्रॉलीच्या अगदी शेवटी ठेवायला लावले होते, उतरवायला सोपे म्हणून. एका ट्रकने ओव्हरटेक केलं, त्याच्या वाऱ्याने ट्रॉली थोडी हलली, मी घाबरून ब्रेक दाबला आणि ती जास्तच नाचायला लागली. जीपचं तोंड आडवं झालं. नशिबाने रस्त्याकडेला तूर होती, खड्डा नव्हता. ट्रॉली डोलायला लागली तर ब्रेक मारायचा नाही, रेस सोडायची, स्टेअरिंग सरळ धरायचं आणि वेग आपोआप उतरू द्यायचा. हे मला त्या तुरीत उभं राहून कळलं. मालकाने पगारातून तुरीचे पैसे कापले, ते वेगळं.

आता ट्रॉलीच्या ब्रेकचं. युरोपात ७५० किलोपर्यंतची ट्रॉली ब्रेकशिवाय चालते, त्यावर तिला स्वतःचे ब्रेक लागतात. आपल्याकडेही ट्रॉलीच्या सगळ्यात हलक्या गटाची हद्द पाऊण टनच आहे. तुमची भरलेली ट्रॉली त्याच्या वर जातेय. म्हणून बनवणाऱ्याला विचारा, ओव्हररन ब्रेक दिलेत का? यात गाडीने ब्रेक मारला की ट्रॉली पुढे रेटते आणि त्या रेट्यानेच तिचे ब्रेक लागतात. दिले नसतील तर पाच लाखांतले काही पैसे आधी तिथे घाला. शिवाय तुटली तर स्वतःहून ब्रेक लावणारी केबल आणि सोबत साखळी हवीच. वेगाचा हिशोब साधा आहे. ६० च्या जागी ८० ने गेलात तर थांबवायची ताकद पावणेदोनपट लागते. समृद्धी महामार्ग मोकळा दिसतो, पाय आपोआप दाबला जातो, पण ट्रॉली मागे असताना तिथेही डावी लेन आणि ६०-७० च्या वर नाही.

गाडीकडे वळू. परदेशातले जाणकार नवख्या माणसाला एक ठोकताळा देतात : भरलेली कॅराव्हॅन गाडीच्या स्वतःच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. तुमच्या ९३० किलोला या हिशोबाने ११०० किलोची गाडी पुरते, म्हणजे एखादी साधी सेडानसुद्धा पास होते. इथेच लोक फसतात. तिकडे त्या सेडानला कंपनी किती ओढायचं ते लिहून देते, हूक कुठे बसवायचा त्याची भोकं देते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांच्या पुस्तकात त्याबद्दल चकार शब्द नसतो, किंवा ओढू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणून घ्यायच्या गाडीचं पुस्तक मागा आणि ते पान शोधा. तीच गाडी बाहेरच्या देशात विकली जात असेल तर तिकडचा आकडा अंदाजाला कामी येतो. ऑस्ट्रेलियात महिंद्राची पिकअप विकतात, तिला ब्रेक असलेल्या ट्रॉलीसाठी २५०० किलो दिलेत. पण तिकडची बांधणी आणि हूक वेगळा, म्हणून तो आकडा जशाच्या तसा इथल्या गाडीला चिकटवायचा नाही.

आपल्याकडे छापील आकडा नसताना मी दोन गोष्टी धरतो : खाली शिडीसारखी वेगळी चेसिस आणि मागच्या चाकांना ओढ. हूक चेसिसच्या दोन्ही लांब दांड्यांना बोल्टने धरता येतो, आणि नाकाचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर येतं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत उलटं होतं, चढावर ओली माती लागली की पुढची चाकं फिरत बसतात. फोर बाय फोर लागतंच असं नाही. पावसाळ्यात गवतावर मुक्काम करणार असाल तर उपयोगी, नाहीतर जुन्या गाडीत ती दुरुस्तीची अजून एक जागा.

नागपुरात गाडी ओढण्याच्या कामाला घेताना मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो तो थंडाव्याच्या यंत्रणेवर. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, एसी चालू, मागे एक टन, वेग पन्नास. समोरून हवा कमी आणि इंजिनावर भार दुप्पट. पुण्यात दहा वर्षं बिनबोभाट चाललेली गाडी इथे पहिल्याच उन्हाळ्यात तापमानाचा काटा वर नेते. त्यात आपल्याकडचा एक वाईट शिरस्ता, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतायचं. हे पाणी जड, त्याचे क्षार आत बसतात आणि नळ्या निम्म्या बुजतात. बाहेरून रेडिएटर चकचकीत दिसतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आदल्या दिवशी सांगा, "गाडी चालू करू नका, मी येईपर्यंत थंड राहू द्या." गरम गाडी बरेच रोग लपवते. थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी हिरवं, गुलाबी किंवा लाल असेल तर कुलंट घातलंय. गढूळ चहासारखं असेल तर गंज. वर तेलाचा तवंग असेल तर तिथूनच नमस्कार करून निघा. मग गाडी चालू करायला सांगा. झाकण उघडं असताना रेस दिल्यावर सारखे बुडबुडे येत राहिले, किंवा झाकण लावून दोन मिनिटांत वरचा होस दगडासारखा टणक झाला, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालच्या पॅकिंगची, शंका घ्या. इतक्या लवकर पाणी तापत नाही, तो दाब सिलिंडरमधून येतोय.

पुढे पंखा. या वयाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांना पंख्यावर व्हिस्कस कपलिंग असतं, म्हणजे आत घट्ट द्रव भरलेला जोड. इंजिन बंद करून, चावी खिशात टाकून पंखा हाताने फिरवा. थोडा अडून फिरला पाहिजे. भिंगरीसारखा गरगरला तर आतलं द्रव गळालंय. चालत्या पंख्यात वर्तमानपत्राची गुंडाळी घालून बघणारे उस्ताद मी पाहिलेत. तसं करू नका, बोटं दहाच असतात.

यानंतर खरी परीक्षा. दुपारी एक वाजता या, एसी फुल, चार माणसं बसवा आणि सेमिनरी हिल्सचा चढ दुसऱ्या गिअरवर दोन-तीनदा घ्या. आपलं शहर सपाट आहे, त्यामुळे हा चढ नाहीतर उड्डाणपूल, एवढेच पर्याय. मग झाडाखाली उभी करून वीस मिनिटं एसीसकट चालू ठेवा. काटा मध्यावरून हलला नाही, तर पुढचं बघायचं. विकणारा म्हणेल, "एवढं कोणी बघत नाई बाप्पा." तुम्ही म्हणा, मी बघतो.

इंजिनासाठी दोन तपासण्या पुरतात. चालू इंजिनावर तेलाचं झाकण काढून उलटं ठेवा. थोडी थरथर चालेल. झाकण उडत असेल आणि धूर फुसफुसत असेल तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब रिंगांवरून खाली गळतोय, इंजिन उघडावं लागेल. दुसरं, गरम झाल्यावर कोणाला तरी मागे उभं करून रेस द्या. काळा धूर झटकन येऊन गेला तर इंजेक्टर, फिल्टर, ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व) यांची साफसफाई. निळा धूर राहिला तर तेल जळतंय, टर्बो किंवा रिंगा. बीएस ४ (धुराचं आधीचं सरकारी मानक) पर्यंतच्या बहुतेक गाड्यांत धुराचा फिल्टर नसतो, ही जुन्या गाडीची एक जमेची बाजू. वायरिंगही साधं. ट्रॉलीच्या लाइटसाठी सात पिनांचं सॉकेट बसवायला नव्या गाडीत कॉम्प्युटर समजवावा लागतो, इथे एक रिले, वेगळी अर्थिंगची वायर आणि अर्धा दिवस. अर्थिंग हूकच्या गोळ्यातून घ्यायची नाही, तिथे ग्रीस असतं आणि इंडिकेटर मनाला येईल तसे लागतात.

क्लच बघायला चौथ्या गिअरमध्ये ४० वर जाऊन एकदम रेस दाबा. आवाज वाढला आणि वेग तिथेच, म्हणजे प्लेट घसरतेय. ओढण्याच्या गाडीत क्लच हा खर्च येणारच, तो भावात धरा. ट्रॉली मागे घेताना, तेही चढावर, क्लच सगळ्यात जास्त जळतो. पुढे-मागे गिअर टाकताना खालून कट् असा आवाज आला तर मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा जॉइंट क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग. रेस सोडल्यावर मागून घूं असा सूर लागला तर हाऊसिंग, म्हणजे मागच्या धुरीतले गिअर. यातलं पहिलं स्वस्त, दुसरं महाग.

आता खाली झोपा. खरंच झोपा, सतरंजी घेऊन जा. नागपूरची हवा कोरडी, म्हणून इथल्या गाडीला मुंबईच्या गाडीसारखा गंज लागत नाही. तरी स्क्रूड्रायव्हरची मूठ चेसिसवर ठोकत जा. टण् आवाज चांगला, भद् आवाज वाईट. खालून सगळं ताजं काळं रंगवलेलं असेल तर का, हे विचारा. चेसिस नंबर आरसीशी जुळवा. मागच्या आडव्या दांड्यावर वेल्डिंगचे डाग दिसले तर तिथे कधी तरी हूक होता. हूक अजून असेल तर गोळा बघा. नवा गोळा ५० मिलिमीटरचा असतो. घासून चकचकीत किंवा अंडाकृती झाला असेल तर या गाडीने आयुष्यभर काही तरी ओढलंय, मालक काहीही सांगो. रंग तसाच असेल तर तो फक्त बंपर वाचवायला लावलेला हूक. असे हूक बहुधा बंपरच्याच पट्टीला धरलेले असतात. त्यावर ट्रॉली कधीही लावायची नाही. माझ्या एका गिऱ्हाइकाने रस्त्याकडेच्या वेल्डरकडून असा हूक लावून घेतला आणि देवलापारच्या पुढे तो बंपरसकट निघून आला. साखळी होती म्हणून ट्रॉली रस्त्यावर राहिली.

याच जोडीला टोचनचा गैरसमज. बंद गाडी दोरीने टोचन करून गॅरेजपर्यंत आणायला पुढे-मागे जी कडी असते ती तेवढ्याचसाठी. ती आहे म्हणजे गाडी ट्रॉली ओढायला बनवली आहे, असं नाही. दर दोन महिन्यांनी कोणी तरी मला तीच कडी दाखवतं.

ब्रेकमध्ये डिस्क, पॅड, ड्रम सगळे बघतातच. मागच्या धुरीजवळचा एलएसपीव्ही मात्र कोणी बघत नाही. गाडीवर वजन वाढलं की मागच्या ब्रेकला जास्त दाब देणारा हा व्हॉल्व, बऱ्याच जुन्या गाड्यांत असतो. बहुतेकदा त्याची दांडी जाम झालेली असते किंवा एखाद्या मिस्त्रीने तारेने बांधून टाकलेली असते. रोजच्या वापरात फरक कळत नाही. हूकवर ६० किलो आणि मागे एक टन आल्यावर चिखलदऱ्याच्या उतारावर कळतो. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी कितीही चांगली दिसो, सहा वर्षांवरचे टायर ओढण्याच्या कामाला मी ठेवत नाही. ट्रॉलीचेही नाही, कारण ते फिरण्यापेक्षा उन्हात उभे राहून जास्त मरतात.

नागपूरच्या बाजारात अजून एक सावध राहायची गोष्ट. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीने पात्र सोडलं आणि अंबाझरी लेआउटपासून सीताबर्डीपर्यंत गाड्या पाण्यात गेल्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून नंतर बाजारात आल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहते. सीटचे बोल्ट गंजलेले, कार्पेटखाली बारीक माती, वायरच्या कपलरमध्ये हिरवट बुरशी, ही खूण. अशी गाडी तुम्हाला पेंचच्या जंगलात रात्री बंद पडून दाखवेल. विम्याच्या क्लेमचा इतिहास मागायला लाजू नका.

कागदांचं दोन भागांत सांगतो. आधी ट्रॉली, कारण तिथेच तुमची गाडी अडू शकते. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रॉली हे स्वतंत्र वाहन आहे. तिची स्वतःची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागेही लागतो. नोंदणीसाठी त्या नमुन्याला पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेची मान्यता हवी. बनवणारा म्हणाला असेल, "नागपुरात कोण विचारतं?" तर त्याच्याकडून मान्यतेचा कागद मिळेपर्यंत उरलेले पैसे देऊ नका. अपघात झाला की विमा कंपनी सगळ्यात आधी तेच विचारते. गाडीच्या विम्यातही ट्रॉलीचा उल्लेख करून घ्या.

गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी वाढवायची, त्याआधी फिटनेस. १५ वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये, २० वर्षं उलटली की १०,०००, आणि राज्याचा हरित कर निराळा. हे सगळं विकणाऱ्याने केलंय की तुमच्या गळ्यात घालतोय ते आरसीवर बघा. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर ते फिटल्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. ई-चलनं त्याच्यासमोर मोबाइलवर उघडून बघा. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्या. एमएच ३१, ४० किंवा ४९ असेल तर हे नागपुरातच उरकतं.

आता तुमच्या चार गाड्या.

दिल्लीची एक्सयूव्ही ५०० सगळ्यात तरुण आणि सगळ्यात स्वस्त दिसतेय, कारण तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि त्या देशभर ओतल्या गेल्या. तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत) आणायची, इथला रोड टॅक्स भरायचा, नवा नंबर घ्यायचा, तोवर स्वस्ताई संपते. त्यातही ती वेगळी चेसिस नसलेली, पुढच्या चाकांवर चालणारी. प्रवासाला छान गाडी आहे, या कामाला नको.

स्कॉर्पिओचं १२० पीएसचं (पीएस म्हणजे अश्वशक्तीच समजा) इंजिन मला आवडतं, मिस्त्री आणि सामान प्रत्येक गावात मिळतं. पण तुम्ही पाठवलेल्या फोटोत मागच्या आडव्या दांड्याला ताजा काळा रंग आणि त्याखाली वेल्डिंगची रेघ स्पष्ट दिसतेय. आधीच्या कोणी तरी तिथे हूक उपटून परत डकवलाय. दुसरी स्कॉर्पिओ मिळाली तर बघू, ही सोडा.

उरल्या इनोव्हा आणि सफारी. इनोव्हाचं इंजिन १०२ पीएस आणि २०० न्यूटन मीटर पिळाचं (टॉर्कचं), सफारीचं १४० आणि ३२० चं. तुम्ही विचारलेला जोर इथे सफारीकडे आहे, आणि वजनही तिचंच जास्त, म्हणजे मागची ट्रॉली तिला कमी हलवेल. सौंसरच्या पुढचा सिल्लेवानी घाट आणि त्यानंतर तामियाचा चढ, हा पचमढीचा रस्ता इनोव्हा दुसऱ्या गिअरमध्ये घाम गाळत चढेल. चढेल, पण मागे रांग लागेल. सफारी आरामात जाईल. उतरताना दोघींना एकच नियम, ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं आणि पाय ब्रेकवर ठेवून बसायचं नाही.

तरीही तुमच्या जागी मी असतो तर आधी इनोव्हा बघितली असती. तुमची सत्तर-ऐंशी टक्के भटकंती पेंच आणि ताडोबा, म्हणजे सपाट रस्ता. हे इंजिन जपलं तर फार चालतं, आणि रात्री मोहर्लीजवळ काही झालं तर चंद्रपूरचा कोणताही टॅक्सीवाला मिस्त्री ते डोळे मिटून उघडतो. अट दोन. ती आयुष्यभर टॅक्सी नसावी. मीटरवर विश्वास ठेवू नका, पेडलचं रबर, ड्रायव्हर सीटची कड आणि स्टेअरिंगचं चामडं बघा. आणि २०१० ची असल्याने नोंदणी वाढवलेली असावी. काट्यावर ट्रॉली ९०० च्या आत आली आणि पचमढी वर्षातून एकदाच असेल, तर इनोव्हा. ९०० च्या वर गेली किंवा दर दोन महिन्यांनी घाट असेल, तर सफारी, मात्र तिचं कूलिंग आणि टर्बो मी स्वतः बघितल्याशिवाय नाही.

पाच लाखांतले पाच लाख गाडीला देऊ नका. चारच्या आसपास सौदा करा. उरलेल्यात रेडिएटर काढून साफ करणे, नवं कुलंट, सगळे होस आणि बेल्ट, ब्रेकचं सगळं काम, टायर, क्लच, चेसिसला बोल्टने धरलेला हूक आणि लांब आरसे, एवढं बसवायचंय. पैसे कमी पडले तर आरसे आणि हूकसकट सगळं एक महिना पुढे ढकला, पण ब्रेक आणि रेडिएटर नाही.

हूकची उंची ट्रॉली भरलेली आणि गाडीत तुम्ही दोघं बसलेले असताना ठरते, म्हणून हूक आत्ताच बनवून घेऊ नका. काट्याची पावती, नाकाचं वजन आणि ट्रॉलीच्या मान्यतेच्या कागदाचा फोटो पाठवा. इनोव्हावाल्याला रविवारी सकाळी गाडी थंड ठेवायला सांगा. मी साडेसातला मनीषनगरला येतो, सतरंजी माझ्याकडे आहे.